गल्लीतल्या झाडाला वाली कोण?

मे महिना अर्धा सरला की आमच्या गावच्या नगरपालिकेत झाडांच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. एरवी वर्षभर पाणी, गटार आणि रस्त्यावरचे दिवे हेच विषय. पण वळवाचे दोन पाऊस झाले, एखादी फांदी तारेवर पडली, रात्रभर गल्ली अंधारात राहिली, की सगळ्यांना एकदम झाडं आठवतात. कुणी लिहितं, फांद्या घरावर आल्यात. कुणी लिहितं, पाल्यानं गटार तुंबलं. कुणाच्या कंपाउंडची भिंत मुळांनी फोडलेली असते, कुणाच्या अंगणात झाडावरच्या बगळ्यांनी घाण केलेली असते. आणि त्याच गठ्ठ्यात, त्याच गल्लीतला आणखी एक अर्ज असतो: आमच्या दारचं झाड विनाकारण बोडकं केलं, चौकशी व्हावी. दोन्ही अर्ज खरे असतात आणि दोन्ही अर्जदार एकमेकांचे शेजारी असतात. कधी कधी तर अर्जदार एकच असतो, फक्त महिना निराळा. मेमध्ये 'तोडा' म्हणणारा पुढच्या एप्रिलमध्ये 'सावली गेली हो' म्हणत येतो.

कचेरीतली मंडळी यावर हसतात. एकाच झाडाबद्दल दोन उलटे अर्ज आले की दोन्ही बाजूला ठेवायला मोकळे. पण गेल्या दोन वर्षांत त्या कचेरीचे जिने चढून-उतरून माझी एक खात्री झाली आहे. हे अर्ज एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच. दोघांची तक्रार एकच आहे, की झाडाची निगा राखली गेली नाही. निगा नव्हती म्हणून फांदी घरावर आली, आणि निगा कशी राखायची हे कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून ती आल्यावर झाडच बोडकं केलं. आपण मात्र अर्जात 'तोडा' किंवा 'तोडू नका' एवढंच लिहितो. मधलं कुणी लिहीतच नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब आहे. सासूबाई सांगायच्या, त्या लग्न होऊन इथं आल्या तेव्हा तो मनगटाएवढा होता. आता एका माणसाच्या कवेत येत नाही. सकाळी त्याच्या सावलीत फुलवाली बसते, दहाच्या सुमारास इस्त्रीची गाडी लागते, दुपारी शाळेच्या रिक्षा थांबतात आणि संध्याकाळी पेन्शनरांची बैठक भरते. आमची गल्ली आपल्या भागातल्या बहुतेक गल्ल्यांसारखीच. एका दारात मराठी, पुढच्या दारात कन्नड आणि तिसऱ्या दारात दोन्ही. पाडव्याच्या पहाटे आमच्याकडची मुलं गुढीसाठी डहाळी न्यायला झाडाखाली जमतात, तेव्हाच समोरच्या अक्कांचा नातू उगादीच्या बेवु-बेल्लासाठी फुलोरा काढत असतो. आम्ही कोवळा पाला गुळाबरोबर वाटतो, त्या फुलं गुळात कालवतात. सणाची नावं दोन असतील, कडूगोड तोंड त्याच एका झाडानं होतं.

या झाडावर पहिलं संकट आलं ते सुधारणेच्या रूपानं. तीन वर्षांपूर्वी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. रस्ता हवाच होता, पावसाळ्यात चिखलातून म्हाताऱ्या माणसांना चालवत नव्हतं. पण कामावरच्या माणसांनी काँक्रीट थेट बुंध्याला भिडवलं, जणू तो विजेचा खांबच. गटाराची चर खणताना एका बाजूची चांगली जाड मुळं कुऱ्हाडीनं तोडली. आम्ही दोघी-तिघींनी हटकलं तर उत्तर आलं, "मापात असंच आहे, बाई." झाड हिरवंगार उभं होतं, त्यामुळे आमचं म्हणणं कुणाला पटण्यासारखं नव्हतं.

मुळं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पार खोल गेलेलं सोटमूळ येतं. खरं तर मोठ्या झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. वरून सिमेंट बसलं की दोन्ही बंद. बरं, झाड लगेच मरत नाही. काही वर्षं ते असंच रेटतं, मग शेंडे वाळायला लागतात आणि एखाद्या वादळात ते उभंच्या उभं आडवं होतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते, जुनं झाड कोसळलं. म्हातारपणामुळे ते पडलं असं आपण समजतो. त्याच्या एका बाजूची मुळं कधी, कुणी कापली याची चौकशी कुणी करत नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. गावातल्या पिंपळाचा पार बघा, किंवा कन्नडमधला अरळीकट्टे बघा. बाहेरून दगडांचं कडं, पण आत माती. माणसांना बसायला जागा आणि झाडाला श्वास घ्यायलाही. हल्ली तोच पार फरशी घालून गुळगुळीत करतात आणि वर फलक लावतात. दिल्लीत हाच प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला होता. २०१३ च्या एप्रिलमध्ये लवादानं आदेश दिला, की झाडांच्या बुंध्याभोवतीचं चहूबाजूंनी एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढून टाका. आदेश दिल्लीचा होता, पण बुंध्याला लागणारी माती दिल्लीत काय आणि आपल्याकडे काय, तेवढीच लागते.

दुसरं संकट तारांचं. एका सकाळी वीज कंपनीची गाडी आली, शिडी लागली आणि तासाभरात कडुनिंबाची रस्त्याकडची बाजू साफ झाली. तारांना लागणारी फांदी काढायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. त्या पोरांनाही मी दोष देत नाही. त्यांना तारा मोकळ्या करायला पाठवलं होतं, झाड सांभाळायला नव्हे. पण झाडाचा तोल गेला. रस्त्याकडचा भार नाहीसा झाला आणि सगळं वजन घरांच्या बाजूला उरलं. फांद्या वरून एका घावात पाडल्यामुळे दोन-तीन ठिकाणी साल खाली बुंध्यापर्यंत सोलत आली. बाकीच्या जागी फूटभर लांबीचे खुंट राहिले.

फांदी कापण्याची एक रीत आहे आणि ती अवघड नाही. जड फांदीला आधी खालून थोडी खाच घ्यायची, मग तिच्या जरा पुढं वरून कापायचं, म्हणजे फांदी तुटताना साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट मग शेवटी काढायचा. तोही खोडाशी अगदी सपाट नाही. फांदी जिथून फुटते तिथं खोडावर जो फुगीर कंगोरा असतो, तो शाबूत ठेवून त्याच्या बाहेर कापायचं. त्या कंगोऱ्यातूनच झाड जखम भरून काढतं. खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत शिरते. शेंडाच छाटला तर त्या जागेतून पाच-पन्नास फुटवे एकदम येतात. ते भराभर वाढतात, पण त्यांचा जोड कच्चा असतो. म्हणजे दोन वर्षांनी त्याच तारांवर पुन्हा फांद्या, आणि या वेळी आधीपेक्षा लवकर मोडणाऱ्या. एका वेळी झाडाच्या पसाऱ्याचा पाव भागापेक्षा जास्त हिस्सा काढू नये, असं जाणकार सांगतात. आपल्याकडे पावच ठेवतात आणि बाकीचा काढतात!

तिसरं संकट आलं ते गेल्या पावसाळ्यानंतर. कडुनिंबाचे शेंडे वाळले, पानं करपल्यासारखी तपकिरी झाली. आठवड्याभरात गल्लीत निकाल लागला, की झाड मेलं. झाडाला लागून ज्यांचं घर आहे त्या काकांनी झाड काढून टाकण्याचा अर्ज केला आणि पंधरा-वीस सह्याही मिळवल्या. काका काही झाडांचे वैरी नाहीत. त्यांच्या पुढच्या खोलीवर कौलं आहेत, तिथं त्यांची नातवंडं झोपतात आणि तोल गेलेल्या झाडाची सगळ्यांत जड फांदी नेमकी त्याच खोलीवर आलेली. वळवाच्या वाऱ्यात रात्रभर जागं राहणाऱ्या माणसाला पर्यावरणाचं व्याख्यान ऐकवण्यात अर्थ नसतो. त्यांची भीती खरी होती आणि तिला उत्तर द्यायलाच हवं होतं.

पण झाड मेलेलं नव्हतं. कडुनिंबाला शेंडेमर नावाचा बुरशीचा रोग होतो, तो पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर धरतो. २०२१ च्या सुमारास तेलंगणात हजारो कडुनिंब असे वाळके दिसू लागले होते आणि लोक घाबरून गेले होते. तेव्हाही तज्ज्ञांनी सांगितलं होतं, की झाडं तोडू नका, बहुतेकांना पुन्हा पालवी येईल. झाड जिवंत आहे का हे बघायचं असेल तर जरा जाड फांदीची साल नखानं किंचित खरवडावी. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ते झाड जिवंत आहे. समोरच्या अक्कांनी आणि मी दिवसाढवळ्या चार ठिकाणी खरवडून बघितलं. आत हिरवं होतं.

मग आमचाही अर्ज तयार झाला. आपल्याकडे अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागतो आणि माझं कन्नड बाजारापुरतं, तेव्हा लेखणी सूनबाईच्या हातात. ती धारवाडकडची. मला 'अत्ती' म्हणते, आणि उंबरालाही कन्नडमध्ये अत्तीच म्हणतात, त्यामुळे घरात झाडांचा विषय निघाला की मुलं मला उंबराच्या झाडात धरतात. ती लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होती, "बेविन मर... मर..." आमच्याकडे आलेली कोल्हापूरची मावशी दचकली. "अगं, चांगल्या उभ्या झाडाला मर मर काय म्हणतीस?" तिला सांगितलं, की पुस्तकी कन्नडमध्ये झाडाला मरच म्हणतात, बोलताना आपल्या बाजूला गिडा म्हणतात. मावशीचं काही समाधान झालं नाही. "मग गिडाच लिही," म्हणाली.

अर्ज घेऊन निघालो तर कळलं, की एका झाडाच्या वाटेवर तीन कचेऱ्या आहेत. बुंधा ज्या जमिनीत उभा आहे ती नगरपालिकेची. फांद्या ज्या तारांना लागतात त्या वीज कंपनीच्या. आणि झाड तोडण्याची परवानगी देणारा वृक्ष अधिकारी वन खात्याचा. नगरपालिकेत सांगितलं, फांद्यांचं वीज कंपनीला विचारा. तिथं सांगितलं, आम्ही तारेपुरतं बघतो, बाकी नगरपालिका. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे आपण ऐकलेलं असतं, पण तिथं प्रत्येक खिडकीत एकच मंत्र मिळत होता, "नाळि बर्री." उद्या या. आपल्या वाचकांना 'नाळे बा'ची गोष्ट आठवत असेल. एके काळी कर्नाटकात गावोगाव लोक भुताला परत पाठवण्यासाठी दारावर 'नाळे बा' लिहून ठेवत. सूनबाई तिसऱ्या दिवशी जिना उतरताना म्हणाली, "अत्ती, इथं भूत आपणच आहोत."

या फेऱ्यांत एक फायदा झाला, की कायदा वाचून झाला. कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा १९७६ चा आहे. त्यात झाड तोडणे या शब्दांचा अर्थ फार व्यापक दिला आहे. बुंधा कापणं म्हणजे तोडणं हे तर आलंच, पण फांद्या छाटून टाकणं, खोडाची साल गोलाकार काढणं, जाळणं, औषध टाकून मारणं किंवा दुसऱ्या कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं, हे सगळं त्यात धरलं आहे. आपल्या अंगणातल्या झाडालाही हा कायदा लागू होतो. शेजारी महाराष्ट्रात शहरांसाठीचा कायदा १९७५ चा. त्यातही जाळणं, इजा करणं हे तोडण्यातच मोजतात. २०२१ च्या दुरुस्तीनं तिथं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. म्हणजे दोन्ही राज्यांचे कायदे झाडाच्या बाजूनं आहेत. उणीव आहे ती वेगळीच. झाड तोडताना कुणाला विचारायचं हे कायद्यात लिहिलंय. ते जगतं आहे की नाही हे दरवर्षी कुणी बघायचं, ते काम मात्र कुणाच्या अंगावर नाही.

शेवटी वन खात्याचे एक अधिकारी जागेवर येऊन गेले. काका, अक्का, मी, फुलवाली, इस्त्रीवाला, सगळे जमलो. त्यांनी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, साल बघितली, वर बघितलं आणि काकांना विचारलं, "तुमची भीती कुठल्या फांदीची?" काकांनी बोट दाखवलं. एवढं सोपं होतं. दोन वर्षांत सगळे झाडाबद्दल भांडत होते, फांदीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. कौलांवरची ती एक फांदी आणि वाळके शेंडे काढायचे, झाड ठेवायचं, बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायचं, असं ठरलं. फांदी महिन्याभरात निघाली, या वेळी दोर बांधून, रीतसर. सिमेंट फोडायला नगरपालिकेची माणसं येईनात, तेव्हा काकांनीच स्वतःच्या ओळखीचा गवंडी आणला आणि इस्त्रीवाल्यानं राडारोडा उचलला. त्यासाठी परवानगीचं पत्र मात्र आम्ही आधी हातात घेतलं होतं. चांगलं काम असलं तरी रस्ता सरकारी असतो, हे विसरून चालत नाही.

आता थोडं आपल्या दारातलं बोलू. पाल्यानं गटार तुंबतं ही तक्रार खरी आहे, पण झाडलेला पाला आपण कुठं टाकतो? बरेच जण बुंध्याशी ढीग करतात आणि काडी लावतात. थंडीत शेकोटीही तिथंच. झाडाची साल आतून भाजते, एका बाजूची वाट बंद होते आणि पुढं ती बाजू पोकळ पडते. २०१६ साली आलेल्या घनकचरा नियमांनी कचरा असा उघड्यावर जाळायला बंदी केली. तोच पाला परसात एका खड्ड्यात टाकून वर मूठभर शेण-माती घातली तर पुढच्या वर्षी तुळशीला आणि कढीपत्त्याला खत विकत आणावं लागत नाही. बुंध्यावर ठोकलेले शिकवणीच्या जाहिरातींचे खिळे, वाढदिवसाचे फलक बांधलेली तार, लहानपणी घातलेली आणि आता सालीत रुतलेली लोखंडी जाळी, हे काढायला तर कुठल्याच कचेरीत जावं लागत नाही. ज्येष्ठ पौर्णिमेला आमच्याकडे वटपौर्णिमा आणि कन्नड घरांत कारहुण्णिमे. त्या दिवशी वडाला सूत गुंडाळतो आणि बाजारात पाच-दहा रुपयांना वडाच्याच फांद्या तोडून विकत घेतो. पूजा कुणाची आणि तोड कुणाची, याचा एकदा विचार करायला हवा.

आणि मग येतो जून महिना. पाच जूनला पर्यावरण दिन, जुलैत वनमहोत्सव. वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला तेव्हापासून आपण झाडं लावतच आहोत. खड्डे खणले जातात, फोटो निघतात, पाहुणे जातात. आमच्या पलीकडच्या रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी समारंभानं लावलेल्या रोपांपैकी आज तीन उरली आहेत, आणि ती तिघंही ज्यांच्या दारासमोर आहेत त्या बाया रोज भांडी विसळलेलं पाणी तिथं ओततात. बाकीची पहिल्या उन्हाळ्यातच गेली. रोप जगतं की मरतं हे ठरतं ते पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत. त्या महिन्यांत ना पाहुणे असतात ना फोटो. आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव वेळूवरून पडलं, वेणुग्राम. झाडाचं नाव मिरवणाऱ्या गावांना एवढं तरी जमायला हवं.

आपल्याच राज्यात सालुमरद तिम्मक्का होऊन गेल्या. सालुमर म्हणजे झाडांची रांग. मागडी तालुक्यातल्या हुलिकल आणि कुदूर या गावांमधल्या रस्त्याला त्यांनी आणि त्यांचे पती चिक्कय्या यांनी वडाची झाडं लावली, पावणेचारशेच्या वर. लोक त्यांनी झाडं लावली असं म्हणतात, पण मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. दोघं घागरींनी पाणी वाहून नेत, कुंपणं घालत, गुरांपासून राखत. ती झाडं जगली ती यामुळे. २०१९ साली तिम्मक्कांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी रस्तारुंदीत त्यांची झाडं जाण्याची वेळ आली आणि शंभरी ओलांडलेल्या त्या बाईंना मुख्यमंत्र्यांकडे जाऊन दाद मागावी लागली. झाडं वाचवू असं आश्वासन तेव्हा मिळालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या गेल्या. पद्मश्रीच्या झाडांनाही अर्ज चुकत नाही, मग आपल्या गल्लीतल्या कडुनिंबाचं काय घेऊन बसलात!

तेव्हा अर्ज करायचाच, पण तो कामाचा करायचा. 'झाडाचा बंदोबस्त करावा' असं लिहू नये. बंदोबस्त म्हणजे काय, हे समोरचा आपल्या सोयीनं ठरवतो. कुठलं झाड, कुठल्या खांबाजवळ, कुठल्या बाजूची कुठली फांदी, तिचा त्रास कुणाला, हे लिहावं. सोबत फोटो जोडावा. छाटणी पावसाळ्याआधी कोरड्या दिवसांत करावी आणि आधी घरटी बघावीत, असंही लिहावं. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी ठेवावी ही मागणी रस्त्याचं काम सुरू होण्याआधी द्यावी, नंतर द्यायची म्हणजे बैल गेला नि झोपा केला. एकच अर्ज तिन्ही कचेऱ्यांना द्यावा आणि प्रत्येक प्रतीवर बाकी दोघांची नावं लिहावीत. मग 'त्यांना विचारा' म्हणणं जरा अवघड जातं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

लावलेल्या रोपांचा हिशेब हवा असेल तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. कर्नाटकात या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेवढे पुरतात. आमच्या प्रभागात तीन वर्षांत किती रोपं लावली, खर्च किती झाला, पाणी घालण्याचं काम कुणाला दिलं आणि आज किती जिवंत आहेत, एवढे चारच प्रश्न. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

नवीन रोप मागतानाही थोडं बघून मागावं. ज्या बाजूला तारा आहेत तिथं कांचन, चाफा, पारिजातक अशी बुटकी झाडं, आणि तारा नाहीत त्या बाजूला कडुनिंब, करंज, म्हणजे आपलं होंगे. गुलमोहर दिसायला देखणा, मूळचा मादागास्करचा, पण त्याचं लाकूड ठिसूळ. वर्दळीच्या रस्त्यावर तो लावला की वळवात तक्रार ठरलेलीच. जांभूळ, म्हणजे नेरळे, पक्ष्यांना आणि पोरांना हवंच, फक्त जिथं स्कूटर लावतात ती जागा सोडून. एवढं आधी बघितलं तर दहा वर्षांनंतरचे निम्मे अर्ज वाचतील.

आमच्या कडुनिंबाचं म्हणाल तर यंदा पाडव्याला त्याला पालवी आली, पण सगळीकडे नाही. तोडलेल्या मुळांच्या बाजूचे शेंडे अजून वाळकेच आहेत. काकांचा झाड काढण्याचा जुना अर्ज कचेरीत तसाच पडून आहे. तो मागं घ्या असं मी त्यांना म्हटलं, तर म्हणाले, "वहिनी, यंदाचा वळीव जाऊ दे, मग बघू." मला ते पटलं. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी दोन कळशा पाणी घालायची पाळी आम्ही घरांप्रमाणे वाटून घेतली आहे. सोमवार अक्कांचा, मंगळवार आमचा, आणि शनिवार काकांनी स्वतःहून मागून घेतला.